काविळीचं गावठी औषध: द्यावं की नाही?

रानजाई

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ, वय २६, साताऱ्याकडे गावी असतो. गेल्या आठवड्यात ताप आला, मग उलट्या, अन्नावरची वासनाच गेली. आता डोळे आणि लघवी पिवळीजर्द. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त घेतलं, बिलिरुबिन ९.४ निघालं. ते म्हणाले, "आराम करा, पाणी उकळून प्या, पाच दिवसांनी परत दाखवा." औषध म्हणून एक उलटीची गोळी दिली, बस. घरातल्यांचा त्यांच्यावरचा विश्वास तिथेच उडाला.

आत्याचं म्हणणं, शेजारच्या तालुक्यात एक म्हातारबा रविवारी सूर्योदयाच्या आत अनशापोटी औषध देतात. कसल्यातरी पाल्याचा रस ताकातून, असे तीन रविवार. पैसे घेत नाहीत, नारळ चालतो. पाला कुठला ते सांगत नाहीत, सांगितलं तर गुण जातो म्हणे.

मी पुण्यात. फोनवरून विरोध केला की "शिकलीस म्हणून आम्हाला शिकवू नकोस" हे ऐकावं लागतं. तर प्रश्न साधा आहे: हे किंवा असलं औषध कोणी घेतलंय का? गुण आला का? काही अपाय झाला का? भाषणं नकोत, अनुभव हवेत. (भाषणं मिळणारच आहेत, कल्पना आहे.)

बंड्या_सातारकर

मी स्वतः घेतलंय, बारावीत असताना. ताकातून हिरवा रस. चव आठवली तरी अजून तोंड वाकडं होतं. तिसऱ्या रविवारपर्यंत डोळे पांढरेशुभ्र. अपाय शून्य. घरात मोठ्या भावाला आणि चुलत्यांनाही तिथेच गुण आला. खुशाल द्या. काविळीवर औषध नाही हे डॉक्टर स्वतःच सांगतात, मग त्यांच्याकडे जाऊन करायचं काय?

चकलीभाजणी

आमच्या आजोळी सेम औषध, फक्त गुरुवारी. यकृताला वार कळत असावा. (हलके घ्या.)

निशिगंध

रानजाई, आधी काही प्रश्न. शौचाचा रंग कसा आहे, पांढरट-मातकट होतोय का? अंगाला खाज आहे का? पोटात उजवीकडे कळ? पीटी-आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी झाली का? विषाणूंच्या कुठल्या चाचण्या केल्या? दारू, टीबीच्या गोळ्या, जिमवाल्यांची पावडर, यांतलं काही?

मी फिजिशियन आहे, पावसाळ्यात रोज हेच विचारत असतो. कावीळ म्हणजे रक्तातलं बिलिरुबिन वाढलं, एवढंच. का वाढलं, ते शोधावं लागतं. हेपेटायटिस ए आणि ई दूषित पाण्यातून येतात आणि बहुतेकांचे दोन ते सहा आठवड्यांत आपापले बरे होतात. बी आणि सी रक्तातून पसरतात. सी पूर्ण बरा करणाऱ्या गोळ्या आहेत, साधारण बारा आठवड्यांच्या, आणि २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. पित्तनलिकेत खडा अडकला असेल तर तो काढावाच लागतो. लेप्टो, म्हणजे उंदराच्या मुतातून येणारा ताप असेल, तर अँटिबायोटिक लागतं, तेही लवकर. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ असेल तर काहीही न दुखता कावीळ वाढत जाते, आणि तिथे तीन रविवार घालवणं फार महाग पडतं. हे सगळे लोक बाहेरून सारखेच पिवळे दिसतात.

बंड्या, तुमचा अनुभव खरा आहे, मी तो नाकारत नाही. फक्त हिशेब बघा. डोळे पिवळे होऊन घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत चार-पाच दिवस, पुढचा रविवार येईपर्यंत आणखी काही, त्यानंतर दोन रविवार. तेवढ्यात ए किंवा ईची कावीळ उतरणीला लागलेली असते. त्या काळात काहीही दिलं तरी गुण येतो. मी लिहून दिलेल्या बी-कॉम्प्लेक्सलाही येतो.

बंड्या_सातारकर

म्हणजे तुम्ही फी घेऊन काही देत नाही आणि म्हातारबा फी न घेता काहीतरी देतात. सौदा कुठला चांगला?

निशिगंध

:) फी कुठली कावीळ आहे ते ओळखण्याची असते. म्हातारबांकडे पन्नाशीचा दारुडा गेला, बाळंतीण गेली, खड्याचा पेशंट गेला, सगळ्यांना ताक तेच.

वैद्य_शाल्मली

रानजाई, मी आयुर्वेदाची पदवीधर, चौदा वर्षं चिकित्सा करते. या धाग्यावर थोड्याच वेळात "आयुर्वेद म्हणजे थोतांड" सुरू होईल, म्हणून आधीच लिहिते. कुणीतरी न सांगता दिलेला पाला म्हणजे आयुर्वेद नव्हे. आयुर्वेदात कामलेचे, म्हणजे काविळीचे, प्रकार आहेत आणि ते ओळखल्याशिवाय औषध देत नाहीत. चरकाने शाखाश्रित कामलेत मळ तिळाच्या पेंडीसारखा होतो असं लिहून ठेवलंय, पित्ताचा मार्ग कफाने अडला म्हणून. वर निशिगंध यांनी पहिलाच प्रश्न मळाच्या रंगाचा विचारला, तो हाच. तिथे चिकित्साही निराळी सांगितली आहे.

आता त्या पाल्याविषयी. काविळीसाठी गावोगावी जे दिलं जातं त्यात भुईआवळी, एरंडाच्या कोवळ्या पानांचा रस, कुठे कडू दोडका, कुठे देवडांगरी. पहिली दोन त्यातल्या त्यात सौम्य. देवडांगरीचे थेंब नाकात घालतात, मग नाकातून पिवळं पाणी धो-धो वाहतं आणि सगळे खूश, कावीळ निघाली म्हणून. ते श्लेष्मल त्वचा भाजल्याचं पाणी असतं. नाकातून रक्तस्राव झालेले रुग्ण मी पाहिलेत, आणि यकृत बिघडलेल्या माणसाचं रक्त आधीच उशिरा गोठतं. त्यामुळे तोंडाने की नाकाने, हे आत्यांना जरूर विचारा.

चार्वाक_नगरकर

धागा योग्य वळणावर आलाय. आम्ही शाळांतून काविळीचे दोन प्रयोग दाखवतो, घरी करून बघा. आंब्याच्या सालीचा रस हातांना चोळून वाळू द्यायचा. मग चुन्याच्या निवळीने हात धुवायचे. पाणी पिवळंधम्मक. "बघा, उतरली कावीळ." ठणठणीत माणसाची पण उतरते.

दुसरा, काविळीची माळ. ओल्या काड्यांचे तुकडे सैल गाठींत ओवून माळ डोक्यावर ठेवतात. काड्या वाळून आक्रसल्या की गाठी सुटत जातात आणि माळ लांब होत होत गळ्यात, मग पोटापर्यंत. लोकांना वाटतं कावीळ माळेत उतरतेय.

चकलीभाजणी

चार्वाक, आंब्याची साल म्हणजे खोडाची ना? मी फळाची समजून बाठीपर्यंत पोचले होते.

चार्वाक_नगरकर

खोडाची हो. फळाची खाऊन टाका.

कुंदा_काकू

आमच्या वेळी हळद बंद, तेल बंद, डाळ बंद. महिनाभर पांढरी भाजी आणि लाह्या. माझ्या सासूबाई पिवळं लुगडंसुद्धा समोर येऊ देत नव्हत्या. यात काही तथ्य आहे का डॉक्टर? की मी उगाच महिनाभर उपाशी मेले?

निशिगंध

काकू, हळदीच्या पिवळ्याचा आणि बिलिरुबिनच्या पिवळ्याचा काही संबंध नाही. फोडणीतली चिमूटभर हळद चालते. तेलकट खाल्लं की मळमळ वाढते म्हणून ते कमी, एवढंच. उपाशी ठेवू नये, यकृताला भरून यायला अन्न लागतं. भात, मुगाचं वरण, ताक, भाकरी, फळं, जे पोटात राहील ते.

आणि उसाचा रस! रस्त्यावरचा नको. काविळीला म्हणून जो रस पाजतात त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा असतो ते कोणी विचारत नाही.

घाटावरचा_रसवंतीवाला

निषेध!! (बर्फाबद्दल मात्र बरोबर बोललात. आम्ही घरचा वापरतो. खरंच.)

वऱ्हाडी_ठेचा

तुमच्याकडं ताकच पाजतेत ना बाप्पा, सुखी आहात. आमच्या मेळघाटात लहान लेकराचं पोट फुगलं की तापल्या सळईनं पोटावर चटके देतेत. डंबा म्हणतेत त्याले. दवाखाना दूर, रस्ता वाहून जाते, भूमका, म्हंजे गावचा वैदू, जवळ. काहून जाते लोक त्याच्याकडं, हे शहरात बसून सांगू नका. पण लेकराच्या पोटावरचे डाग पाह्यले की "अपाय शून्य" म्हणायचं धाडस होत नाही.

शून्यमनस्क

बोस्टनहून. इथला एक किस्सा नाही, आकडेच देतो. २००४ साली इथल्या भारतीय दुकानांतून आयुर्वेदिक औषधं विकत घेऊन तपासली होती. ७० पैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा अर्सेनिक. २००८ मध्ये इंटरनेटवरून घेतलेली १९३ उत्पादनं तपासली, पुन्हा पाचातलं एक. तेव्हापासून आईने सामानात कुठलीही पुडी दिली की मी विमानतळावरच हळवा होतो.

वैद्य_शाल्मली

शून्यमनस्क, तोच २००८ चा अभ्यास पुढे वाचा. अमेरिकेत बनवलेल्या औषधांतही धातू सापडण्याचं प्रमाण भारतीय औषधांइतकंच निघालं होतं. आणि रसशास्त्रातल्या औषधांत ते दुपटीहून जास्त होतं, म्हणजे जिथे पारा-गंधक मुद्दाम, शोधन-मारण करून, म्हणजे शुद्ध करून आणि जाळून भस्म करून, घालतात. आरोग्यवर्धिनी घ्या. कामलेत सर्रास वापरतात, कुटकी हे तिचं मुख्य द्रव्य. पण तिच्यात कज्जली (पारा-गंधक खलून केलेली पूड) आणि ताम्रभस्मही (तांब्याचं) असतं. मी ती देते, नेमक्या मात्रेत, नेमक्या दिवसांसाठी. शेजारणीने सांगितली म्हणून कोणी वर्षभर घेतली तर त्याला मी काय करू?

निशिगंध

शाल्मलीताई, इथे मी अडतो. "योग्य शोधन केलेला पारा अपाय करत नाही" हे पेशंटला कसं कळायचं? तुमच्या हातातली गोळी योग्य शोधनाची आहे हे तुम्हाला तरी कशावरून कळतं?

वैद्य_शाल्मली

कंपनीकडून बॅचचा तपासणी अहवाल मागवते. सगळे मागवत नाहीत, हे मान्य.

फार्मा_काका

आयुष्यभर औषधाच्या कारखान्यात काढलंय, अॅलोपॅथी आणि आयुर्वेद दोन्हीकडे, म्हणून कायद्याचं थोडं सांगतो. जड धातूंना मर्यादा ठरलेल्या आहेत: शिसं १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग), अर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. हे वनस्पतींच्या औषधांसाठी. विषारी द्रव्यांची वेगळी यादी आहे, शेड्यूल ई-१. बचनाग, कुचला, धोतरा, बिब्बा, पारा, हरताळ, सगळे तिच्यात. त्यातलं काही पोटात घ्यायच्या औषधात असेल तर वैद्यकीय देखरेखीखाली घ्या अशी सूचना लेबलवर छापावी लागते. ती इंग्रजी-हिंदीत असते, टाइप असा की भिंग घेऊन बसावं.

आता गंमत. ग्रंथोक्त औषध असेल, म्हणजे पाठ मान्य ग्रंथातला असेल, तर परवान्यासाठी रुग्णांवरच्या चाचण्या दाखवाव्या लागत नाहीत. ग्रंथाचा दाखला पुरतो. त्यामुळे "सरकारी परवाना आहे" याचा अर्थ "गुण सिद्ध झालाय" असा लावू नका. आणि वैद्य स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनवत असेल तर त्याला उत्पादन परवानाच लागत नाही.

म्हातारबा यातल्या कुठल्याच खोलीत बसत नाहीत. नोंदणी नसताना वैद्यकी करायला महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने मनाई आहे. पण नारळ घेणाऱ्या म्हाताऱ्यावर कोण केस करणार? करूही नये कदाचित.

चार्वाक_नगरकर

काका, तिथेच तर फावतं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचार घेऊ न देणं गुन्हा आहे. काविळीचं नाव त्यात नाही.

बंड्या_सातारकर

एक म्हातारा ताक पाजतोय त्याला तुम्ही आता जेलात घाला. आणि अॅलोपॅथीच्या गोळ्यांनी यकृत खराब होतं त्याचं काय? माझ्या मामाला टीबीच्या गोळ्यांनी कावीळ झाली. त्यावर बोला.

निशिगंध

बोलतो. बरोबर आहे. औषधांमुळे यकृत बिघडलेल्या १२८८ भारतीय रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात टीबीची औषधं पहिल्या क्रमांकावर होती, ४६ टक्क्यांच्या आसपास. आयुर्वेदिक आणि इतर पर्यायी औषधं सुमारे १४ टक्के, अपस्माराच्या औषधांच्या पुढे. दोन फरक मात्र आहेत. टीबीच्या गोळीने कावीळ होऊ शकते हे आम्हाला आधी माहीत असतं, म्हणून आपण एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करतो आणि डोळे पिवळे झाले की गोळ्या थांबवतो. आणि टीबी औषधाशिवाय सोडला तर माणूस जातो. ई-ची कावीळ औषधाशिवाय सोडली तर बहुधा बरी होते. तिथे अनोळखी पाल्याची जोखीम कशासाठी?

मोगरा_पुणे

गुळवेलीबद्दल कोणीच कसं बोललं नाही? कोविडमध्ये आमच्या सोसायटीत जिन्यात कुंडी होती, येता-जाता लोक काडी तोडून न्यायचे. मग एकदम "गुळवेलीने लिव्हर जातं" सुरू झालं. खरं काय?

निशिगंध

मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद केली, २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सगळ्यांनी कोविडकाळात गुळवेल घेतलेली. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष दिशाभूल करणारा ठरवला, दुसऱ्या जातीच्या वेलीशी गल्लत झाली असेल असं म्हटलं. त्यानंतर २०२२ मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची माहिती आली. बहुतेकांचं यकृत ऑटोइम्युन हेपेटायटिससारखं बिघडलं होतं, म्हणजे शरीराची स्वतःवरच चाल. काहींना थायरॉइडसारखे आजार आधीपासून होते. मी काय करतो: ऑटोइम्युन आजार असणाऱ्याला गुळवेल घेऊ नका म्हणून सांगतो.

वैद्य_शाल्मली

आणि मी एक जुनी गोष्ट सांगते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी पित्तमार्ग अडलेल्या काविळीच्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी गुळवेल देऊन पाहिली. १९९३ मध्ये तो अभ्यास छापून आला, जेमतेम तीसेक रुग्णांचा. गुळवेल घेतलेल्यांत जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू कमी दिसले. त्याच काविळीत, तीच वेल. पण शस्त्रक्रिया होतीच सोबत, गुळवेल तिच्या जागी नव्हती. हा फरक सोसायटीच्या जिन्यात कोण सांगणार?

निशिगंध

हे वाचलेलं होतं, विसरलो होतो. तीस रुग्ण म्हणजे सुरुवात. पुढे मोठा अभ्यास व्हायला हवा होता. आपल्याकडे हेच होतं, लहान चांगला अभ्यास होतो आणि मग तीस वर्षं लोक तोच उद्धृत करत बसतात.

भुईआवळीचं उलट झालं. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी हेपेटायटिस बीच्या वाहकांना महिनाभर भुईआवळी दिली, ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचं प्रथिन गेलं, आणि नुसती बिनऔषधी पूड घेतलेल्या २३ पैकी एकाच्या. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं, जगभर गाजलं. मग इतर ठिकाणी पुन्हा करून पाहिलं तेव्हा तो परिणाम काही सापडला नाही. लोकांच्या लक्षात मात्र १९८८ राहिलं.

फार्मा_काका

वनौषधीतून काही निघतच नाही असं नका समजू. सर्पगंधा बघा. मुंबईच्याच डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरचा तिचा अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला, त्यानंतर जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. आपल्या अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्सिन आलं, खोकल्याच्या बाटलीवर वाचा. चीनच्या तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं ते एका रानटी झुडपातून मलेरियाचं औषध काढल्याबद्दल. तिथेही जुन्या ग्रंथातली एक ओळ कामी आली. पण ओळ वाचून त्या थांबल्या नाहीत. उकळल्याने गुण जातोय असं वाटून त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला, प्राण्यांवर, मग स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर घेऊन पाहिला.

कोकणकडा

अवांतर, पण महत्त्वाचं. आमच्याकडे भातलावणीनंतर ताप आणि डोळे पिवळे म्हणजे आधी लेप्टो. चिखलात अनवाणी काम, उंदराचं मूत, पायाला भेगा. शेजारच्या वाडीतल्या एकाला पाला देत बसले, लघवी बंद झाल्यावर रत्नागिरीला नेला. वाचला, डायलिसिसवर. रानजाई, भाऊ शेतात होता का?

मोगरा_पुणे

"नैसर्गिक आहे, अपाय कसा होईल" म्हणणाऱ्यांना मी धोतरा आणि कण्हेर दाखवते. पूर्ण नैसर्गिक, पूजेतसुद्धा चालतात.

चकलीभाजणी

स्वगत: मोगरासुद्धा नैसर्गिक, आणि किती चावतोय बघा.

शून्यमनस्क

यादीत ज्येष्ठमध पण घाला. घसा बसला म्हणून चघळायला ठीक, पण रोज महिनोन् महिने घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घसरतं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना तर नकोच. आणि १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या चिनी वनस्पतींच्या गोळ्यांत अॅरिस्टोलोकिया नावाच्या विषारी वनस्पतीची भेसळ झाली, कित्येक बायकांची मूत्रपिंडं कायमची गेली. त्याच कुळातली वेल आपल्याकडे सापसण म्हणून मिळते.

रानजाई

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. काल रात्री गावी आले. आज भावाच्या सगळ्या चाचण्या साताऱ्याला केल्या. हेपेटायटिस ई पॉझिटिव्ह. बी, सी, ए निगेटिव्ह, लेप्टो निगेटिव्ह. आयएनआर १.२. बिलिरुबिन ११ झालंय. शौच नेहमीच्या रंगाचं. सोनोग्राफीत खडा नाही. शेतात होताच, लावणी चालू आहे.

आत्याने तोवर म्हातारबांकडून बाटली आणून ठेवली आहे. रुग्ण नसताना देत नाहीत, पण हिने रडून मिळवली. उद्या रविवार.

निशिगंध

आयएनआर १.२ ही चांगली बातमी. बिलिरुबिन आणखी थोडं वाढेल, मग उतरेल, घाबरू नका. लक्ष याकडे ठेवा: दिवसा झोप आणि रात्री जाग, बरळणं, हात थरथरणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, पोटात पाणीसुद्धा न ठरणं. यातलं एक जरी दिसलं तरी तालुका नको, थेट मोठं रुग्णालय. तीन दिवसांनी आयएनआर पुन्हा करा. तापाला पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

बंड्या_सातारकर

आत्याला दुखवू नका हो. बाटली देव्हाऱ्यात ठेवा, भावाला साधं ताक द्या. पुढच्या रविवारी उतरायला लागली की श्रेय आत्याला. सगळे खूश.

चार्वाक_नगरकर

आणि पुढच्या वर्षी आत्या दुसऱ्या कोणाला तरी तीच बाटली आणून देईल, "आमच्या पोराला गुण आला" म्हणून. बंड्या, असेच म्हातारबा मोठे होतात.

बंड्या_सातारकर

मग काय आत्याशी भांडत बसू? आत्या चार्वाकची नाही, रानजाईची आहे.

वैद्य_शाल्मली

रानजाई, आत्यांना सांगा की पुण्याच्या वैद्यबाईंनी चिकित्सा सांगितली आहे आणि दोन औषधं एकत्र घेऊ नयेत. माझं नाव पुढे करा, आयुर्वेदाचं म्हटल्यावर त्या ऐकतील. चिकित्सा अशी: विश्रांती, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खाणं, मनुकांचं पाणी, डाळिंब, ताजं ताक. आत्ता वरून एकही काढा नाही, माझ्याकडचाही नाही. आयएनआर स्थिर आहे, निसर्गाला काम करू द्या.

कुंदा_काकू

शाल्मली, तुझी चिकित्सा आणि डॉक्टरांचा "आराम करा" एकच की गं!

वैद्य_शाल्मली

काकू, हो. पण त्यांनी सांगताना मनुका नव्हत्या, म्हणून कोणी ऐकलं नाही.

पंचगंगा_बॉय

इचलकरंजीचा हाय मी. २०१२ ला आमच्यात काविळीची साथ आलती, हीच ई. घरटी एक पिवळा. माणसं गेली त्यात. तवा पण गल्लोगल्ली पाला, माळा, ताक, सगळं झालं. आणि पाणी तेच. नदीत सगळ्या गावांचं सांडपाणी, पाइपा गटारीतनं गेलेल्या. औषधावर एवढं भांडताय भावांनो, पण रानजाई, गावात आणखी कोण पिवळं हाय का? पाणी कुठलं पिताय?

रानजाई

बरं विचारलंत. आमच्या आळीत भाऊ धरून चौघे. पाणी विहिरीवरून टाकीत, तिथून नळाला. ओढ्याजवळ पाइप फुटलेला आहे, महिना झाला. आणि मोठ्या दादाची बायको सातव्या महिन्यात आहे. ती पण हेच पाणी पितेय.

निशिगंध

रानजाई, बाटली राहू दे बाजूला, हे आधी. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हेपेटायटिस ई झाला तर मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत नोंदलं गेलंय. एरवी बहुतेकांना जी कावीळ महिनाभर झोपवते, ती तिच्या जिवावर बेतू शकते. आपल्याकडे त्याची लस मिळत नाही. आजपासून वहिनींचं पाणी खळखळून उकळलेलंच, दात घासायलासुद्धा तेच. कच्ची कोशिंबीर, बाहेरचा बर्फ, रस बंद. शक्य असेल तर बाळंतपणापर्यंत माहेरी पाठवा, तिथलं पाणी बरं असेल तर. भावाचं शौचालय वेगळं ठेवता आलं तर ठेवा, सगळ्यांनी साबणाने हात. वहिनींना जरा मळमळ, ताप वाटला तरी त्याच दिवशी तपासणी. आणि उद्याचं ताक त्यांना कोणी "रोग होऊ नये म्हणून" पाजणार नाही ना, तेही बघा.

रानजाई

आत्या नेमकं तेच म्हणत होती. "घरात सगळ्यांनी एकेक घोट घ्यावा."

पंचगंगा_बॉय

ग्रामपंचायतीत जावा उद्या. टाकीत टीसीएल, म्हंजे क्लोरीनची पावडर, टाकतात का विचारा, आणि टाकतात म्हणाले की विचारा पोतं कधी फोडलं. उघडं पडलेल्या टीसीएलचा क्लोरीन उडून जातो, पांढरी माती राहते नुसती. नळाच्या शेवटच्या घरी ओटी टेस्ट, म्हंजे क्लोरीनची तपासणी, करायला लावा, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन हाय, नाही झालं तर काय नाही. आरोग्य केंद्राला चार पेशंटचं लेखी कळवा, मग साथ म्हणून नमुने घ्यायला यावंच लागतंय त्यांना.

चकलीभाजणी

शेवटी एक तरी पिवळं झालेलं चांगलं निघालं.

रानजाई

वहिनी सकाळच्या एसटीने माहेरी गेली. भाऊ मनुकांचं पाणी पितोय, आत्या अबोला धरून बसली आहे. ग्रामसेवक गावात नाहीत, सोमवारी येतील म्हणे. शिपाई म्हणाला टीसीएल रोज टाकतो. पोतं बघायला मागितलं तर किल्ली ग्रामसेवकांकडे. ओटी टेस्टची बाटली उपकेंद्रातल्या सिस्टरकडे मिळाली, शेवटच्या घरचं पाणी पांढरंच राहिलं. सिस्टरनेच चौघांची नावं लिहून घेतली, उद्या आरोग्य केंद्रात कळवते म्हणाली. पाइपचा फोटो काढलाय. अर्ज कोणाच्या नावे लिहायचा, सरपंच की गटविकास अधिकारी?

फार्मा_काका

दोघांच्याही. गटविकास अधिकाऱ्यांना मूळ, सरपंचांना प्रत, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणखी एक. पोच घ्यायला विसरू नका, शिक्का आणि तारखेसकट.